पटनचेरूची शेतशाळा

हरितक्रांती फळली ती मुख्यतः पाण्याखालच्या गव्हा-भाताला. पावसाच्या भरवशावर पेरणारा शेतकरी मागेच राहिला. त्याच्या पिकांसाठी १९७२ साली हैदराबादजवळ पटनचेरूला ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. जागा भारत सरकारची, पैसा अनेक देशांचा आणि प्रतिष्ठानांचा. सुमारे १,४०० हेक्टरच्या या आवारात काळी आणि तांबडी अशी दोन्ही राने आहेत. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग ही संस्थेची मुख्य पिके.

आशिया-आफ्रिकेतले शास्त्रज्ञ आणि शेती कर्मचारी इथे शिकायला येऊ लागले. शिक्षण वर्गात कमी, वावरात जास्त. काळ्या रानाचा धडा त्यातलाच. पावसाळ्यात या चिकणमातीत औत रुतते, म्हणून दख्खनचा शेतकरी खरिपात रान मोकळे ठेवून रब्बीची ज्वारी घेई. संस्थेने त्यावर उपाय मांडला तो रुंद वरंबा-सरीचा. सुमारे एक मीटरचा वरंबा, अर्ध्या मीटरची सरी आणि बेताचा उतार. जादा पाणी सावकाश निघून जाते, ओल वरंब्यात मुरते. पावसाआधीच धूळपेरणी उरकली की खरीपही हाती लागतो.

१९७५ मध्ये संस्थेने गावांचा अभ्यास सुरू केला. सहा गावांपैकी चार महाराष्ट्रातली होती : सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोल्यातली कानझरा आणि किनखेडा. तपासनीस गावातच राहत आणि घरोघरची मजुरी, कर्ज, पेरा, जनावरे यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवत. पुढे बुर्किना फासो आणि नायजर इथल्या गावांतही असा अभ्यास झाला. नायजरमध्ये नियामेजवळ संस्थेचे केंद्रही उभे राहिले.

अपयशही आले. वरंबे पाडण्यासाठी बैलांनी ओढायचे चाकांचे लोखंडी अवजार प्रयोगक्षेत्रावर उत्तम चाले, पण लहान शेतकऱ्याला ते परवडेना. इथिओपियातही ते जड आणि महागच ठरले. तेव्हा तिथल्या प्रकल्पात संशोधकांनी ‘मारेशा’ हे स्थानिक लाकडी नांगर घेतले, दोन नांगर एकत्र जोडले आणि वरंबे पाडणारे हलके अवजार तयार केले. पद्धत टिकली, अवजार बदलले. पन्नास वर्षांच्या सहकार्याचा खरा हिशेब इथे लागतो. अवजार बोटीत घालून पाठवता येते, पण आपल्या मातीला आणि आपल्या बैलांना काय झेपेल हे ठरवायला शिकलेला माणूसच लागतो.

आज महाराष्ट्रात सोयाबीनसाठी ‘बीबीएफ’ म्हणजे याच रुंद वरंबा-सरीच्या पेरणीयंत्राचा प्रसार चालू आहे. यंत्राला अनुदान मिळते, ते चांगलेच. पण ते चालवणाऱ्याला उतार, ओल आणि सरीची खोली कळायला हवी. कृषी खात्याने यंत्रावरच्या खर्चाइतकेच लक्ष या शिकवणीवरही द्यावे.