मिश्र साक्षरतेचे प्रौढ इंग्रजी वर्ग

इंग्रजी मातृभाषा नसलेल्या प्रौढांच्या ज्या वर्गांत शाळेची पायरीही न चढलेले, दोन-तीन इयत्तांनंतर शाळा सुटलेले आणि स्वभाषेत पदवीपर्यंत शिकलेले विद्यार्थी एकत्र बसतात, ते वर्ग. स्थलांतरित आणि निर्वासितांच्या वर्गांत हे नेहमीचेच आहे. त्यांना इंग्रजी शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम ऑस्ट्रेलियात १९४८ पासून, तर कॅनडात सध्याच्या स्वरूपात १९९२ पासून चालतो. शिक्षक मोजके आणि येणाऱ्यांच्या कामाच्या वेळा वेगवेगळ्या, त्यामुळे प्रत्येक गटाला स्वतंत्र वर्ग क्वचितच मिळतो.

निरक्षरतेमागची कारणे एकसारखी नसतात. लाओसमधील ह्मोंग भाषेला आजचे प्रचलित रोमन लेखन १९५०च्या दशकाच्या आरंभी मिळाले. १९७५ नंतर अमेरिकेत आलेल्या अनेक वयस्क ह्मोंग निर्वासितांना कोणतीच लिपी येत नव्हती. सोमालीची रोमन लिपी १९७२ मध्ये अधिकृत झाली, पण १९९१ नंतरच्या यादवीत शाळा मोडल्या आणि पुष्कळ मुले अक्षरांविना वाढली. अरबी किंवा अम्हारिक सहज वाचणारा विद्यार्थी मात्र रोमन अक्षरांपुढे नवखा असला, तरी त्याला निरक्षर म्हणणे चूक आहे. उतारवयात परदेशात मुलांकडे राहायला गेलेले काही मराठी आईवडील याच गटात मोडतात. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. त्याआधी मराठी शाळांत ते बहुधा पाचवीत सुरू होई. चौथीत शाळा सुटलेली आजी पोथी वाचते, एबीसीडीही लवकर उचलते. तिचे अडते ते स्पेलिंगपाशी, कारण लिहिले तसे वाचायची तिची सवय पक्की असते.

अक्षरज्ञानाचा परिणाम कानावरही होतो. जोझे मोराइस व सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधील प्रौढांवर केलेला अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्दातला पहिला ध्वनी गाळून उरलेले म्हणून दाखवणे वाचायला कधीच न शिकलेल्यांना फार जड गेले. मोठेपणी शिकलेल्यांना ते बऱ्यापैकी जमले. १९८६ च्या एका अभ्यासात केवळ चिनी लिपी जाणणाऱ्यांनाही ध्वनी असे सुटे करणे कठीण गेले, तर रोमन अक्षरांतले पिनयिन शिकलेल्यांना जमले. मिनेसोटातील सोमाली विद्यार्थ्यांच्या अभ्यासात (२००६) मार्था बिगलो, एलेन टॅरोन आदींना असे आढळले की, तोंडी सुधारून दिलेले वाक्य परत म्हणणे कमी साक्षर विद्यार्थ्यांना अधिक अवघड जाते. असा विद्यार्थी कधी तीन-तीन भाषा बोलत असतो. त्याला पहिल्याच दिवशी शब्दांतले ध्वनी वेगळे करायला लावून ‘मंद’ ठरवणे हा अन्याय आहे.

अशा वर्गात बोलणे सगळ्यांचे एकत्र व्हावे आणि काम वेगळे करायचे ते कागदावर. दवाखान्याच्या खिडकीचे छायाचित्र दाखवले, की प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काहीतरी असते. विद्यार्थी सांगतात ती चार-पाच वाक्ये शिक्षक फळ्यावर उतरवतो आणि सगळे ती मोठ्याने वाचतात. मग अक्षरओळख चालू असलेली व्यक्ती आपल्या नावाचे पहिले अक्षर त्यांत शोधून गिरवते, थोडे वाचणारी वाक्यांच्या कापलेल्या पट्ट्या क्रमाने लावते, शिकलेली व्यक्ती अपॉइंटमेंट बदलून मागणारी चिठ्ठी लिहिते. वाक्ये त्यांचीच असल्याने अर्थापाशी कोणी अडत नाही. साक्षर विद्यार्थ्याला रोज मदतनीस म्हणून शेजारी बसवणे मात्र टाळावे; तोही शिकायलाच आलेला असतो.

सर्वाधिक नुकसान प्रवेशाच्या वेळी होते. लेखी चाचणीत दुकान सांभाळताना अस्खलित इंग्रजी बोलायला शिकलेली बाई तळाला जाते आणि व्याकरण पाठ असलेला, पण तोंड न उघडणारा पदवीधर वर चढतो. युरोप परिषदेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत एकाच व्यक्तीच्या निरनिराळ्या कौशल्यांची पातळी वेगवेगळी असते, हे गृहीत धरले आहे. आधी साध्या गप्पा माराव्यात आणि मग ज्याला जी येते त्या लिपीत चार ओळी लिहायला सांगावे. शिक्षकाला ती लिपी वाचता आली नाही तरी चालते. पेन कसे धरले, हात कुठे थबकला, ओळ सरळ गेली का, यावरून बरेच कळते. हे एकेकाला वेगळे बसवून करावे, कारण चारचौघांत कोरा कागद परत करावा लागलेला माणूस बहुधा पुन्हा वर्गाकडे फिरकत नाही.