ओल्या कचऱ्याची जुनी गोष्ट

शाश्वत ऊर्जा म्हटलं की हल्ली गच्चीवरचे सौर पॅनेल डोळ्यांसमोर येतात, नाहीतर साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या. मला मात्र आधी आठवतो तो गोबरगॅस! हसू नका मंडळी. प्रयोगशाळा आणि बाजार एकमेकांना भेटले तर काय होतं, आणि नाही भेटले तर काय होतं, हे सांगणारं याच्याइतकं घरगुती उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस मिळवणारी टाकी बसवली गेली. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाचं 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र बनवलं आणि १९६० च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्या धर्तीची संयंत्रं खेडोपाडी नेली. म्हणजे शास्त्रज्ञ, कारागीर आणि वितरण करणारी संस्था अशी साखळी जुळायला साठेक वर्षं गेली.

पण बुधवार पेठेतल्या वाड्यात गाय कुठून आणायची? याचं उत्तर पुण्यातच सापडलं. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, म्हणजेच 'आरती', ही संस्था स्थापन केली. तिथला विचार साधा होता. गॅस तयार करणारे जिवाणू जनावराच्या पोटात राहतात, आणि शेण म्हणजे तर जनावराने पचवून उरलेला चोथा. मग जिवाणूंना चोथ्याऐवजी थेट जेवणच का देऊ नये? खराब पीठ, शिळा भात, पिकून गेलेली फळं यांत पिष्ट आणि साखर असते, त्यामुळे गॅस लवकर आणि भरपूर मिळतो. शेण लागतं ते सुरुवातीला, विरजणासारखं. शिवाय टाकी खास बनवावी लागत नाही. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन पाण्याच्या टाक्या, एकीत दुसरी उपडी! या संयंत्रासाठी २००६ साली संस्थेला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

आमच्या वाड्यातही एका विक्रेत्याने असंच संयंत्र बसवून दिलं होतं. वर्षभर चहा त्याच गॅसवर होत असे. मग नळीचा जोड गळायला लागला. विक्रेत्याने फोन घेणं बंद केलं, आणि दुसरं कोणी दुरुस्त करून देईना. आता त्या टाकीत पावसाचं पाणी साठतं.

गंमत म्हणजे तिथून हाकेच्या अंतरावर तपकीर गल्ली आहे. तिथे विजेचं कुठलंही बटण, वायर, दिवा, त्याचा सुटा भाग आणि तो बसवणारा माणूस पंधरा मिनिटांत मिळतो. विजेचा दिवा घराघरांत टिकला तो एडिसनच्या हुशारीइतकाच अशा गल्ल्यांमुळे. शास्त्र आमच्या टाकीतही काही कमी नव्हतं. कमी होती ती गल्ली.

म्हणूनच २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणाऱ्या बसचं अनावरण झालं, तेव्हा मला बसपेक्षा तिच्यावरच्या नावांचं जास्त अप्रूप वाटलं. एकीकडे 'सीएसआयआर' ही सरकारी संशोधन संस्था, तिच्यात आपली पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही आली. दुसरीकडे 'केपीआयटी' ही पुण्याचीच कंपनी. शोध लावणारे आणि विकणारे पहिल्यापासून एकत्र! पण तिसरा भिडू अजून यायचाय, दुरुस्त करणारा.

दरवर्षी आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऊर्जेवर कितीतरी प्रकल्प होतात आणि गुण मिळाले की माळ्यावर जातात. माझी एक साधी सूचना आहे. परीक्षकांच्या शेजारी एक खुर्ची तपकीर गल्लीतल्या एखाद्या दुकानदारासाठी ठेवा. तो एकच प्रश्न विचारेल : "हे बिघडलं तर माझ्याकडे याचा पार्ट असेल का?"

त्या प्रश्नाला उत्तर असेल, तरच ती ऊर्जा शाश्वत म्हणायची.