गाडी स्टार्ट होत नाही? आधी आवाज ऐका, मग मेकॅनिकला फोन करा

मे महिन्यातली दुपार. सीताबर्डीत खरेदी आटोपून तुम्ही पार्किंगमध्ये आलात, चावी फिरवली आणि गाडी स्टार्टच होत नाही. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास. व्हरायटी चौकातल्या गर्दीतून मेकॅनिक येणार कधी? आणि आल्यावर त्याने "बॅटरी गेली" किंवा "स्टार्टर गेला" म्हटलं, तर ते खरं की नाही हे कसं कळणार? बिघाड नेमका कुठे आहे, याचा बराचसा अंदाज तुम्ही ५ मिनिटांत स्वतः घेऊ शकता. कसा, ते सांगतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी: सोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर त्यांना बंद गाडीत बसवू नका. उन्हात उभी गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. आधी त्यांना सावलीत बसवा.

साध्या गोष्टी तपासा

- ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एन वर आहे का? मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण दाबलाय का?
- सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलचा काटा बघा. अनेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. पेट्रोल संपलं की सिलिंडर भरलेला असूनही गाडी अडते.
- बटन स्टार्ट असेल आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह दिसत असेल, तर रिमोटचा सेल संपलेला असू शकतो. बऱ्याच गाड्यांत रिमोट थेट बटनाला टेकवून बटन दाबलं की काम होतं.

आता आवाज ऐका

हेडलाइट लावा आणि चावी फिरवा.

१. टक-टक-टक आवाज, लाइट मंद: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. बॉनेट उघडा, मोबाइलचा टॉर्च लावा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर दिसते का? क्लॅम्प हाताने हलतो का? अनेकदा क्लॅम्प घट्ट केला तरी गाडी सुरू होते.

२. एकच 'टक', लाइट मात्र झगझगीत: बॅटरी बहुधा ठीक आहे, संशय स्टार्टर मोटरवर किंवा तिच्या वायरिंगवर. इथे मेकॅनिक हवाच.

३. इंजिन नेहमीसारखं फिरतं, पण पकडत नाही: बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही ठीक आहेत. अडचण इंधनाची, स्पार्कची किंवा इमोबिलायझरची. पेट्रोल गाडीत इग्निशन ऑन केल्यावर मागच्या सीटखालून साधारण २ सेकंद बारीक घूं आवाज येतो, तो पेट्रोल पंपाचा. तो येतच नसेल तर पंपाचा फ्यूज आधी बघा.

एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर तापतो.

आकडा बघा, अंदाज नको

मी गाडीत एक साधा मल्टिमीटर ठेवतो. कारच्या बॅटरीत ६ सेल असतात आणि प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट.

- गाडी बंद, १२.६ व्होल्ट: बॅटरी भरलेली
- १२.२ च्या आसपास: अर्धी
- १२ च्या खाली: उतरलेली
- इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४: चार्जिंग ठीक

शेवटचा आकडा पैसे वाचवतो. इंजिन सुरू असतानाही १३ च्या खाली दिसत असेल तर दोष बहुतेक अल्टरनेटरचा किंवा त्याच्या बेल्टचा. अशा वेळी नवी बॅटरी घेतली तरी तीही लवकरच उतरेल.

नागपूरच्या उन्हाचा काय संबंध?

बॅटरी थंडीत मरते असं आपल्याला वाटतं. खरं नुकसान उन्हाळ्यात होतं. उष्णतेने आतलं पाणी उडतं आणि प्लेट्स लवकर गंजतात. मग डिसेंबरच्या गार सकाळी इंजिन ऑइल घट्ट होतं, जास्त ताकद लागते आणि उन्हाळ्यात थकलेली बॅटरी हात टेकते. म्हणून बॅटरी ३ वर्षांची झाली की पावसाळ्यानंतर एकदा तपासून घ्या.

जंप स्टार्टचा क्रम

१. लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला
२. तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला
३. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला
४. तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब

चौथी पायरी अशी का? बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडते. ती बॅटरीजवळ नको. चांगली गाडी ५ मिनिटं सुरू ठेवा, मग सेल मारा. वायरी उलट्या क्रमाने काढा.

धक्का मारू का?

ऑटोमॅटिक गाडीला नाही. मॅन्युअललाही बर्डीच्या गर्दीत नको, कारण इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतात.

राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ हा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये सेव्ह असू द्या. मेकॅनिकला फोन करताना "गाडी बंद पडली" एवढंच सांगू नका. आवाज कसला येतो, लाइट मंद होते का आणि व्होल्ट किती, या ३ गोष्टी सांगा. सेल मारतानाचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवला तर आणखी उत्तम, मग तो योग्य सामान घेऊनच निघेल.