वृत्तछायाचित्र आणि त्याखालची ओळ : दोन महायुद्धांमधील एक इतिहाससाधन

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. बखर आणि अस्सल पत्र यांच्या प्रामाण्यात केवढे अंतर असते, हे तेव्हापासून महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या मनावर ठसत गेले. योगायोग असा, की त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे जॉर्ज ग्रँथम बेन यांनी वृत्तपत्रांना छायाचित्रे पुरविणारी संस्था काढली. ह्या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु बेन यांच्यासारख्या संस्थांनी जे साधन निर्माण केले, त्याला राजवाड्यांनी शिकविलेला प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. वृत्तछायाचित्र हे अस्सल पत्र मानावयाचे, की बखर?

ह्या प्रश्नाची छाननी करण्यास दोन महायुद्धांमधील अमेरिकी राजकारणाइतके समृद्ध क्षेत्र क्वचितच सापडेल. वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयाने बेन यांचा सुमारे ४०,००० काचपट्ट्यांचा संग्रह १९४८ मध्ये विकत घेतला. हर्बर्ट फ्रेंच यांच्या नॅशनल फोटो कंपनीचा संग्रह त्याच्या आदल्याच वर्षी तेथे आला होता. विल्सन, हार्डिंग, कूलिज आणि हूव्हर या चार अध्यक्षांच्या कारकीर्दी त्यात टिपलेल्या आहेत. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या हॅरिस अँड ईविंग या संस्थेचा संग्रह १९५५ मध्ये ग्रंथालयास मिळाला. अध्यक्षीय निवासाचे वृत्तांकन करणाऱ्या छायाचित्रकारांनी १९२१ मध्ये आपली संघटनाही बांधली होती. १ जानेवारी १९३५ पासून असोशिएटेड प्रेसने तारेच्या मार्गाने छायाचित्रे धाडण्यास प्रारंभ केला, आणि सकाळचा प्रसंग सायंकाळच्या अंकात दूरच्या शहरी छापून येणे शक्य झाले.

एवढ्या विपुल सामग्रीवरून असे वाटण्याचा संभव आहे, की त्या राजकारण्यांचे जीवन आपल्यापुढे उघडे पडलेले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अध्यक्ष कॅल्विन कूलिज हे मितभाषी म्हणून प्रसिद्ध. पण छायाचित्रकारांपुढे उभे राहण्यास त्यांची ना नसे. १९२७ च्या उन्हाळ्यात दक्षिण डाकोटात स्यू जमातीने त्यांना आपल्यात सामावून घेतले, त्या प्रसंगी पिसांचा शिरोभूषणयुक्त साज चढवून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. उलट, फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये झालेल्या आजारामुळे पायांनी चालणे जवळजवळ अशक्य झाले होते. तरीही १९३३ पासून १९४५ पर्यंतच्या त्यांच्या कारकीर्दीतील असंख्य छायाचित्रांपैकी चाकांच्या खुर्चीतील चित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उपलब्ध आहेत. वृत्तपत्रांनी पाळलेला संकेत आणि रक्षकांची दक्षता ही त्याची कारणे होत. तात्पर्य, काचपट्टीवर उमटलेला प्रकाश खोटा नसतो, परंतु कोणता प्रकाश उमटू द्यावयाचा याचा निर्णय बहुधा चित्रविषय झालेल्या सत्ताधाऱ्याच्या संमतीने झालेला असतो. छायाचित्रातील अभाव हाही पुरावाच आहे, आणि तो वाचावयाचा तर चित्राबाहेरचे कागद हाती असावे लागतात.

दुसरा मुद्दा भाषेचा आहे. छायाचित्राखालची ओळ ही चित्राहून वेगळ्या हाताने व अनेकदा वेगळ्या वेळी लिहिलेली असते. बेन यांच्या पुष्कळशा काचपट्ट्यांवर नुसते आडनाव खरडलेले आहे. त्या काळी ज्यांना ते आडनाव पुरेसे होते, त्यांच्यानंतर आलेल्यांना ते पुरेसे राहिले नाही. म्हणून २००८ मध्ये ग्रंथालयाने ह्यांपैकी काही हजार चित्रे सार्वजनिक पाहणीसाठी खुली केली, आणि सामान्य वाचकांनी जुनी वृत्तपत्रे चाळून व्यक्तींची नावे, स्थळे आणि दिनांक कळविले. पडताळणीनंतर नोंदी सुधारण्यात आल्या. ‘डावीकडून’ हा साधा शब्दही निर्धोक नाही. पाहणाऱ्याची डावी बाजू आणि चित्रातील माणसाची डावी बाजू भिन्न असतात, आणि काचपट्टी उलटी छापली गेल्यास ओळ बरोबर असूनही नावे चुकीच्या चेहऱ्यांना चिकटतात. विवाहित स्त्रीचा निर्देश ‘मिसेस कॅल्विन कूलिज’ असा करण्याच्या रूढीमुळे ग्रेस हे तिचे स्वतःचे नाव ओळीतून नाहीसे होते. सारांश, चित्र अस्सल पत्रासारखे असले तरी त्याखालची ओळ ही बखरीच्या जातीची असू शकते.

महाराष्ट्रात ह्याच काळात काय घडत होते, हे आता पाहू. पुण्याच्या चित्रशाळेतून १९१० पासून निघू लागलेल्या ‘चित्रमय जगत्’ने ठशांवरून छापलेली छायाचित्रे मराठी वाचकाच्या घरात नेली. त्या वळणाच्या मासिकांतून आढळणारी परिचयाची ओळ व्याकरणदृष्ट्या मोठी बोलकी आहे. तीत क्रियापद बहुधा नसते. ‘बसलेले’, ‘उभे असलेले’ अशी धातुसाधिते क्रियापदाचे काम करतात. नावामागे ‘लोकमान्य’, ‘श्रीमंत’, ‘रा. रा.’, ‘सौ.’ अशा उपाध्या येतात. ज्याला उपाधी आहे त्याला चेहरा आहे. उरलेले सर्व ‘जनसमुदाय’ ह्या एका सामासिक शब्दात मावतात. अमेरिकी ओळ आडनावापुरती आखडते, तर मराठी ओळ मानाच्या उतरंडीने चालते. दोहोंतही सामान्य माणूस अनामच राहतो.

१९३० साली मात्र हा क्रम काही काळ उलटला. १२ नोव्हेंबर रोजी लंडनमध्ये गोलमेज परिषदेचे उद्घाटन झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. त्या परिषदेच्या चित्रांत प्रत्येकाचे स्थान ठरलेले, प्रत्येकाचे नाव नोंदलेले. इकडे गांधीजींना मे महिन्यातच अटक झाली होती आणि चळवळीचे बहुतेक पुढारी तुरुंगात होते. त्यामुळे मुंबईत कॅमेरा रस्त्याकडे वळला. वडाळ्याची मिठागरे, चौपाटीवर मीठ तयार करणाऱ्या स्त्रिया, देशसेविकांच्या मिरवणुका, पोलिसांच्या लाठ्या हे त्या चित्रांचे विषय होत. नर्सी संग्रह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व आज अल्काझी संग्रहात असलेल्या चित्रपुस्तिकेत अशी दोनशेहून अधिक छायाचित्रे आहेत. त्यांत चेहरे स्पष्ट आहेत, नावे मात्र फारच थोडी. लंडनच्या चित्रात नावे भरपूर आणि घटना थोडी. मुंबईच्या चित्रात घटना भरपूर आणि नावे थोडी. इतिहासकाराने दोन्ही एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

निजामाच्या राज्यात स्थिती आणखी निराळी होती. हैदराबादेस छायाचित्रणाची परंपरा जुनी. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी दरबारी चित्रांना जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती सुविदित आहे. परंतु ती परंपरा दरबाराची होती, सभेची नव्हती. सभा भरविण्यास पूर्वपरवानगी आवश्यक करणारी गश्ती क्रमांक ५३ ही १९२९ मध्ये लागू झाली. १९३७ हे वर्ष ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सातवे निजाम उस्मान अली खान यांच्या रौप्यमहोत्सवाच्या सुमारास, २२ फेब्रुवारीच्या अंकात, अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले व जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून त्यांची ओळख करून दिली. त्याच वर्षी परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर आज जालना जिल्ह्यात असले तरी त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते, आणि सेलू तालुक्यातील देवगाव फाट्याच्या परिसरापासून ते फारसे दूर नाही. एकाच राज्यातील, एकाच वर्षातील हे दोन प्रसंग. पहिला अमेरिकेतील वाचकाच्या मेजावर पोहोचला. दुसऱ्यातून मराठवाड्याचे राजकीय जीवन घडले. छायाचित्राच्या प्रसारावरून घटनेचे महत्त्व ठरविणारा अभ्यासक ह्या ठिकाणी हमखास फसेल.

ह्या विवेचनातून कार्यपद्धतीचे तीन नियम निष्पन्न होतात. पहिला, छायाचित्र आणि त्याखालची ओळ ही दोन स्वतंत्र साधने समजून प्रत्येकाचा कर्ता, काळ आणि हेतू वेगवेगळा तपासावा. दुसरा, चित्र कोणाच्या परवानगीने घेतले गेले व कोणती चित्रे घेऊ दिली गेली नाहीत, याचा शोध कायदे, आदेश आणि वृत्तपत्रे यांतून घ्यावा. तिसरा, ओळीतील उपाधी, क्रम आणि गाळलेली नावे यांचे वाचन भाषिक पुरावा म्हणून करावे. समाजाने कोणाला व्यक्ती मानले आणि कोणाला गर्दी, हे तेथे अनायासे नोंदलेले असते.

मराठवाड्याच्या बाबतीत ह्या नियमांना एक निकडीचे परिमाण आहे. येथे बेन अथवा हॅरिस अँड ईविंग यांच्यासारखा एकत्र संग्रह निर्माण होण्याची परिस्थितीच नव्हती. येथील साधन म्हणजे घराघरांतील चौकटीत लावलेली समूहचित्रे, शाळांच्या भिंतींवरील तसबिरी आणि सत्याग्रहींच्या कुटुंबांनी पेटीत जपलेली एखाददुसरी प्रत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी जे पंधरा वर्षांचे होते, त्यांनी आज नव्वदी ओलांडली आहे. अमेरिकेतील चित्रांची नावे जुन्या वृत्तपत्रांतून पुन्हा शोधता आली, कारण तेथे वृत्तपत्रे होती. जेथे वृत्तपत्रच पोहोचत नव्हते, तेथे ओळखणारा मनुष्य हाच एकमेव निर्देशग्रंथ होय. म्हणून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या गावातील अशा एका चित्राची प्रत घेऊन, ते कोणी ओळखले, केव्हा ओळखले आणि कोणत्या आधारावर ओळखले, एवढे तीन तपशील त्यासोबत लिहून ठेवावेत. ओळ लिहिणारा कोण होता हे ज्या ओळीसोबत नोंदलेले असते, ती ओळ मग बखर राहत नाही. ती अस्सल पत्राच्या पंक्तीला जाऊन बसते.