बीड, एक दिवस आणि एक कॅमेरा

बीडला फोटो काढायला जातोय म्हटल्यावर ऑफिसातल्या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे होतात. "तिथे काय आहे?" त्यांचं बरोबरच आहे म्हणा. पेपरातून बीड आपल्यापर्यंत पोचतं ते दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण एवढंच. पण एक अख्खा दिवस काढा, ट्रायपॉड घ्या आणि याच कोरड्या गावाचा पाण्याचा इतिहास बघा.

सकाळ कंकालेश्वराची. काळ्या दगडाचं हे मध्ययुगीन मंदिर चक्क कुंडाच्या मधोमध उभं आहे. कुंडात पाणी असेल तर वारा सुटायच्या आत पोचायचं, म्हणजे प्रतिबिंब हलत नाही. सगळे तोच फोटो काढतात, आपणही काढायचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त नंतर जवळ जाऊन बाहेरच्या भिंतींवरची शिल्पंही बघा.

संध्याकाळचं आधीच सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. पूर्वेच्या टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे. ते सुलतानजी निंबाळकरांनी बांधलं असं सांगतात. हे शाहू महाराजांचे सरलष्कर, पुढे निजामाला जाऊन मिळाले. देवळासमोर साधारण ७० फुटी दोन अष्टकोनी दीपमाळा आहेत. फ्रेममध्ये एखादा माणूस हवाच, नाहीतर उंची कळत नाही. समोर पश्चिमेला सगळं गाव आणि मावळता सूर्य. याच गावात २३ जुलै १९८९ ला बिंदुसरेचा पूर शिरला होता आणि शेकडो माणसं वाहून गेली होती. दुष्काळी जिल्हा म्हणताना हे आपण विसरतो.

आता मधली दुपार. फोटोग्राफर लोक दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवतात. पण विहिरीत उजेड तळापर्यंत उतरतो तो याच वेळी. म्हणून दुपारी खजाना विहीर, गावाच्या दक्षिणेला साधारण ६ किलोमीटरवर.

हिजरी ९९१, म्हणजे इ.स. १५८३. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाचा काळ. बीडचा जहागीरदार सलाबत खान याने ही विहीर बांधवली, आणि बांधणाऱ्याचं नाव राजा भास्कर असं सांगतात. खजिन्यातला पैसा पाण्यात घातला म्हणून हे नाव पडलं, अशी दंतकथा आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर बजेट दुसऱ्याच प्रोजेक्टवर खर्च झालं :-)

पण खरी गंमत विहिरीत नाहीच. ती आहे जमिनीखालच्या तीन बोगद्यांत. दोन बोगदे पाणी आत आणतात, तिसरा ते बलगुजारच्या शेतांकडे नेतो. मोट नाही, पंप नाही, फक्त उतार. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खातं, कमी झाला तर गाळ बसतो. हे गणित जमिनीखाली, ना लेझर ना लेव्हल मशीन, कुणीतरी जमवलं. मलिक अंबरच्या नहरीचं (तेव्हाचं खडकी, आजचं छत्रपती संभाजीनगर) एवढं कौतुक होतं, पण ही तिच्याही आधी तीसएक वर्षांची.

आणि फोटोत काय येतं? पायऱ्या, कमानी आणि एक काळं भोक. एक्स्पोजर कितीही वाढवा, उतार फोटोत येत नाही. मला वाटतं, म्हणूनच कंकालेश्वराचे फोटो ढिगाने सापडतात आणि खजान्याकडे लोक वाट वाकडी करून जात नाहीत. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या रिकाम्या वाघिणींचे फोटो देशभर छापून आले, पण मराठवाड्यात चारशे वर्षांपूर्वी पाणी कसं खेळवलं होतं, हे त्या बातम्यांत मला तरी दिसलं नाही. विहिरीचे झरे आजूबाजूच्या जमिनीतूनच येतात, आणि आजचे बोअरही त्याच जमिनीत उतरतात.

तेव्हा विहिरीवर फार वेळ घालवू नका. कॅमेरा गळ्यात अडकवून तिसरा बोगदा जिकडे जातो त्या दिशेने बलगुजारकडे चला. पाटात पाणी दिसलं, तर तिथे थांबून एक फोटो काढा.