कोलारचं शून्य

केजीएफ म्हटलं की हल्ली सिनेमा आठवतो. मला मात्र कोलारच्या खाणीत मोजलेलं एक शून्य आठवतं.

वैश्विक किरण म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, बहुतेक प्रोटॉन. त्यांना इतका वेग कुठून मिळतो? फर्मीने १९४९ मध्ये सुचवलं, की फिरत्या चुंबकीय ढगांवर आपटत आपटत कण दर खेपेला सरासरी थोडी ऊर्जा कमावतो. कल्पना झकास, पण हे ढग नेमके कुठले? प्रोटॉनवर विद्युतभार असल्याने वाटेतली चुंबकीय क्षेत्रं त्याला वळवतात आणि मूळ पत्ता हरवतो. पण हाच प्रोटॉन उगमापाशीच वायूवर आदळला तर पायॉन तयार होतात आणि त्यांच्या विघटनातून न्यूट्रिनो. तो सरळ येतो. फक्त सापडत नाही!

असेच न्यूट्रिनो आपल्या वातावरणातही बनतात. टीआयएफआरची मंडळी जपानी सहकाऱ्यांबरोबर कोलारला म्यूऑन मोजत होती. जितकं खोल जावं तितके म्यूऑन कमी. २७६० मीटरवर तर दोन महिन्यांत एकही नाही. लॉग फाइल अशी कोरी आली तर माझ्या पोटात गोळाच येईल. त्यांनी मात्र ओळखलं, की वरून येणारी गर्दी इथे संपतेय. आता आडवा म्यूऑन दिसला, तर तो भोवतालच्या खडकात न्यूट्रिनोने जन्माला घातलेला असणार.

मग मेनन, श्रीकंठन, नरसिंहम वगैरेंनी ओसाका आणि डरहमच्या गटांसह सुमारे २३०० मीटरवर उपकरणं बसवली. ऑगस्ट १९६५ मध्ये शोधनिबंध छापून आला. तिकडे दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत राइन्सच्या गटाला फेब्रुवारीतच पहिली नोंद मिळाली होती, पण त्यांचा निबंध कोलारनंतर दोनेक आठवड्यांनी छापला गेला. पहिलं कोण? माझ्या मते दोघंही. तारखांवरून भांडण्यात मजा नाही. खंत वेगळीच आहे. राइन्सचं नाव जगभर घेतलं जातं (१९५६ च्या शोधामुळे ते रास्तच), कोलारचं आपल्याकडेही फारसं नाही.

ते न्यूट्रिनो वातावरणातले होते. उगमाचा पत्ता सांगणारे शोधायला अंटार्क्टिकाच्या बर्फातला घन किलोमीटरभर मोठा आइसक्यूब लागला. २०२२ मध्ये त्यांनी एनजीसी १०६८ या दीर्घिकेकडून आलेले सुमारे ८० न्यूट्रिनो जाहीर केले, नऊ वर्षांत जमवलेले. खात्री ४.२ सिग्मा. शोध म्हणायला पाच लागतात.