कराच्या आधारे शस्त्रनियंत्रण : अमेरिकेचा १९३४ चा राष्ट्रीय शस्त्र कायदा

प्रस्तावना

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीसाठी परवाना आणि प्रतिबंधित शस्त्रांसाठी केंद्र शासनाची खास परवानगी लागते. अमेरिकेच्या संघीय शासनाने मात्र सायलेन्सर, मशीनगन इत्यादींवर बंधने घालताना कराचा मार्ग स्वीकारला. या मार्गाची कारणे व परिणाम यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

हायरम पर्सी मॅक्झिम यांना १९०९ मध्ये सायलेन्सरचे पेटंट मिळाले. पुढे दारूबंदीच्या काळात (१९२०-१९३३) टोळीयुद्धांमुळे शस्त्रनियंत्रणाची मागणी वाढली. तथापि, अमेरिकेच्या राज्यघटनेने कायदा व सुव्यवस्थेचा सर्वसाधारण अधिकार राज्यांकडे ठेवला आहे. संघीय शासनाकडे कर बसविण्याचा अधिकार होता. म्हणून महान्यायवादी होमर कमिंग्ज यांनी त्याचाच आधार घेतला. मूळ विधेयकातील पिस्तुले विरोधामुळे वगळण्यात आली. २६ जून १९३४ च्या कायद्याने मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका व सायलेन्सर यांची नोंदणी आणि हस्तांतरणावर २०० डॉलर कर लागू झाला.

न्यायालयीन कसोटी

सोन्झिन्स्की खटल्यात (१९३७) सर्वोच्च न्यायालयाने, कर आकारण्यामागील हेतू तपासण्यास नकार देऊन, हा कायदा ग्राह्य ठरविला. हेन्स खटल्यात (१९६८) मात्र सक्तीची नोंदणी म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणे होय, असा आक्षेप मान्य झाला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. १९८६ मध्ये नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणी थांबविण्यात आली.

कराचे बदलते मोल

२०० डॉलर ही रक्कम १९३४ मध्ये सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची, म्हणजे व्यवहारतः मनाईच होती. नऊ दशके ती न बदलल्याने महागाईमुळे तिचा धाक ओसरला. २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर व आखूड नळीच्या बंदुकांवरील कर शून्य केला; मशीनगनवरील कर कायम राहिला. अर्ज, बोटांचे ठसे, छायाचित्र व पूर्वमंजुरी या अटीही टिकून आहेत.

निष्कर्ष

कर नसेल तर करवसुलीसाठीची नोंदणी कोणत्या अधिकारावर उभी राहते, हा प्रश्न आता न्यायालयांपुढे आला आहे. शासन आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा दाखला देऊ शकते. परंतु ज्या आडमार्गाने १९३४ मध्ये घटनात्मक अडचण टळली, त्यानेच ती पुढील पिढ्यांवर सोपविली, असे या इतिहासावरून दिसून येते.